लाडवाची जागा

पुन्हा लाडू! माणिकबाईनं पाण्याचा हंडा ओट्यावर आदळला. आतल्या खोलीत शकुन गादीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर मालकीणबाईंचा नातू, हातात डिंकाचा लाडू, शेजारी दुधाचा पेला. माणिकबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

चिखलदऱ्याचा हंगाम म्हणजे मे महिना. खाली वऱ्हाडात काळ्या मातीला भेगा पडल्या की अमरावती-अकोल्याचे पैसेवाले मोटारीनं घाट चढून इथल्या बंगल्यांत उतरत. त्यांच्यामागं राबायला भातकुली-बडनेऱ्याकडची माणसं येत. पाव्हण्यांना थंड हवा मोठी गोड लागे. कामाच्या बायांना तीच हवा मागच्या पत्र्याच्या खोलीत रात्रभर टोचे. दोघींत एक घोंगडी. पहाटे तळ्याचं पाणी, मग बंब, मग भांडी, मग पुन्हा तळं. शिळी भाकर उभ्या उभ्या खायची. वर नियम असा, की हंगाम संपेस्तोवर कोणी घाट उतरायचा नाही. जो आपल्या मनानं गेला, त्याची सगळी मजुरी बुडाली. मालकिणीनं हाकललं तरच केल्या दिवसांचे पैसे मिळत.

माणिकबाई तान्हं पोर झाडाला झोळीत टांगून पाणी भरी. दोन खेपांच्या मध्ये त्याला पदराखाली घेतलं, की लगेच आतून हाक येई. अन् ही शकुन! सूनबाईंना दूध आलं नाही म्हणून हिला बडनेऱ्याहून आणलेली. काम काय, तर पाजायचं अन् खायचं.

"दूध काय तिलेच आलं?" भांडी घासता घासता माणिकबाई गंगूबाईला म्हणे. "मले नाही येत? पर नशीब लागते माय, नशीब!" गंगूबाई इथली जुनी कामवाली. ती नुसती राख पुढं सरकवी.

एक गोष्ट तर माणिकबाईला मुळीच खपत नसे. शकुन परसदारी येऊन तिच्या झोळीकडं टक लावून बघत बसे. लाडू खाऊन पोट भरलं नाही, आता माह्या लेकराले नजर लावते मेली! माणिकबाईनं पोराच्या गालावरची काजळाची तीट आणखी मोठी केली.

मग एक दिवस तिचं नशीब उघडलं. पाणी घेऊन आली, तर शकुन परसदारी पायरीवर बसून चिंच खात होती. खुशाल, बोटं चाटून चाटून. माणिकबाई हंड्यासकट थबकली. पाजणाऱ्या बाईनं आंबट खाल्लं की लेकराला खोकला धरतो, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मालकीणबाईंनी तर आल्या दिवशीच शकुनला बजावलं होतं, लोणच्याच्या बरणीलाही हात लावायचा नाही. माणिकबाईला आनंद पोटात मावेना. हंडा तिथंच ठेवून ती आत पळाली.

"बाईसाहेब, माहं नाव सांगू नका, पर शकुन चिंचा खाऊन राह्यली. चाला, आपल्या डोळ्यानं पाहा."

मालकीणबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि बंगला डोक्यावर घेतला. शकुननं बोटं पदराला पुसली. केल्या दिवसांचे पैसे घे आणि दुपारच्या मोटारीनं चालती हो, असा हुकूम सुटला. मग मालकीणबाईंची नजर माणिकबाईच्या दुधानं भिजलेल्या पोलक्यावर थांबली.

"तू येतेस आत?"

येते का म्हणे! माणिकबाई हातपाय धुऊन गादीवर बसली. काय ती मऊ गादी! नातू छातीशी लागला, लाडवाची ताटली पुढं आली. तिनं मोठा घास घेतला. तुपानं बोटं माखली. जिंकलं रे देवा, जिंकलं!

तेवढ्यात शकुन आपलं गाठोडं घ्यायला आत आली. माणिकबाईनं मान फिरवली. आता ही शिव्या देईल, बोटं मोडेल. शकुन खाली वाकली आणि तिच्या पाया पडली.

"माय, तुये उपकार कसे फेडू? कितीक दिस झाले, दारात बसून चिंचा खाऊन राह्यली होती. कोनी पाहेच ना. माहा लेक तिकडं बकरीच्या दुधावर हाय वं."

माणिकबाईचा घास तोंडातच राहिला. मागून मालकीणबाई आल्या. त्यांच्या हातात झोळी होती, झोळीत गालावर तीट लावलेलं पोर.

"शकुन, हे हिचं पोर घेऊन जा. भातकुलीला हिच्या सासूजवळ सोड. माझ्या नातवाच्या दुधात वाटणी नको."

"बाईसाहेब," माणिकबाई कशीबशी म्हणाली, "मी आपलं पानीच भरतो."

"पाण्यावर दुसरी लावली. जायचं असेल तर जा आपल्या मनानं. नियम ठाऊक आहे ना?" एवढं बोलून त्या निघून गेल्या.

शकुननं पोर उचललं. ते तिच्या पोलक्याशी तोंड घासू लागलं. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. माणिकबाईनं लाडवाच्याच हातानं शकुनचा पदर घट्ट धरला.

"शकुन, चिंच उरली का वं थोडी?"