हादरा पिणाऱ्या गाद्या

कोयनेच्या भूकंपाचा माणिकरावांनी इतका धसका घेतला, की चिखलीत नवं घर बांधताना त्यांनी प्रत्येक खांबाखाली रबराची जाड गादी घालायला लावली. शेजारीच कापसातली सरकी काढायचं जिन होतं. यंत्रं धडधडू लागली की सगळ्या आळीतली भांडी थरथरायची, पण माणिकरावांच्या बायकोच्या, पुष्पाबाईंच्या तांब्यातलं पाणी जरासुद्धा हलत नसे.

"ह्या गाद्या हादरा पेतात, वैनी," दयाराम मिस्त्री कौतुकानं म्हणाला होता.

पुष्पाबाईंना मात्र त्यांची किळस येई. रोज सकाळी गाद्यांच्या कडांना लाळेसारखा चिकट, पिवळट ओघळ आलेला असे, आणि त्याला नासक्या दुधाचा वास येई. पदर नाकाला लावून त्या तो पुसत. मग दिवसभर त्यांना जेवण जात नसे.

वैशाखात हंगाम संपला, जिन बंद झालं. आठवड्यातच गाद्या सुरकुतल्या. एका दुपारी पुष्पाबाई पुसायला वाकल्या, तर हातातलं फडकं हळूच आत ओढलं गेलं.

त्यांनी दयारामला बोलावून घेतलं. तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

"जिन तं बंद हाये, मिस्त्री. मंग ह्या आता काय पेतीन?"

दयाराम मागे सरकला.

ते पाहून पुष्पाबाईंच्या पायांना कापरं भरलं. अनवाणी तळव्यांखालची फरशी कोमट झाली, आणि कापरं एकदम थांबलं. खांबाखाली कुणीतरी घोट गिळला.

पुष्पाबाईंनी छातीवर हात ठेवला. तिथंही काही हलत नव्हतं.