लख्ख

शेवटच्या संध्याकाळीही बाबा दगड कापायच्या कारखान्यातून लख्ख होऊन आले. सुटी झाली की हवेच्या पाइपाने अंगावरची धूळ उडवायची, ही त्यांची जुनी सवय. “आले आमचे साहेब!” आई हसली. दुसऱ्या दिवशी यंत्रापाशीच त्यांचं हृदय बंद पडलं.

“धूळ फुप्फुसात जाते, हृदयाचा काय संबंध?” आम्ही मालकावर केलेल्या दाव्याच्या सुनावणीत त्याच्या वकिलाने विचारलं. आमच्या बाजूने साक्ष देणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, “बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या खराब करत राहते. पाइपाने तर ती थेट नाकातोंडात उडते.”

आम्ही जिंकलो. पाइप गेला, धूळ उडू नये म्हणून दगडावर पाणी सोडत कापणं सुरू झालं, अंघोळीला नळ आले. पहिल्याच संध्याकाळी सगळे कामगार ओल्या केसांनी, शिट्ट्या वाजवत फाटकाबाहेर पडले. मला पाहून बाबांबरोबर काम करणारे काका ओरडले, “पोरी, मैदान मारलंस! पण तुझ्या बापाला त्या पाइपाची भारी हौस हं. नवरदेवासारखा नटून घरी जायचा.”

इतकी वर्षं घरातही न बोललेलं मी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलले, “हौस नव्हती, काका. मी लहान असताना दारातच मला उचलून घेता यावं, म्हणून सुरू केलं होतं त्यांनी.”