अनेकवचन

"काळे नको."

तिसऱ्या मजल्यावरच्या काळ्या दारावर पांढऱ्या खडूनं ठसठशीत लिहिलेले दोन शब्द हेडबाईंनी दोनदा वाचले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले आणि कडाडल्या, "नकोत! काळे नकोत! मेल्याला द्वेषसुद्धा शुद्ध लिहिता येत नाही!"

हेडबाई पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर समोरच्या खोल्यांत राहायला आल्या आणि सगळी इमारतच त्यांचा वर्ग झाली.

त्या दारामागचं कुटुंब आठ महिन्यांपूर्वी आलेलं. नवरा कवळ्या बनवणारा, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. तिघंही रंगानं काळे, अगदी काळे. इमारत सभ्य होती. तिनं त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नव्हता. चांगलाही काढला नव्हता.

तेवढ्यात दार उघडून कवळीवाला एक खोकं घेऊन बाहेर आला. जिन्यात आधीच पाच खोकी होती.

"हे काय? सामान काढलंत?"

"हो बाई. बायको म्हणाली, किती दिवस असंच काढायचे? सोमवारच्या आत घर मोकळं करायचंय."

"थांबा. तो माणूस मी शोधून काढते."

"नको हो बाई, माणूस बघितलाय मी."

"नाव सांगू नका! त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं पाहिजे. आणि या अक्षरांना हात लावू नका, पुरावा आहे."

कवळीवाल्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण हेडबाई तोवर अर्धा जिना उतरल्या होत्या. माणूस ठाऊक असून चकार शब्द काढत नाही, केवढं मन म्हणायचं, असं पुटपुटत.

रविवारी शिंपीणकाकूंच्या दुकानात सगळी इमारत जमली. बावीस माणसं. हेडबाईंनी प्रत्येकाला एक कागद, एक पेन्सिल दिली.

"शुद्धलेखन," त्या म्हणाल्या. "अक्षर जुळलं की माणूस सापडला."

"या वयात शुद्धलेखन, बाई?" रिटायर झालेले बसड्रायव्हरकाका म्हणाले.

"या वयातच गरज आहे."

कवळीवाल्याच्या कुटुंबाला पुढच्या खुर्च्या दिल्या होत्या. त्यानं कागदासाठी हात पुढे केला, तशी हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही लिहायचं. तुम्ही बसा." मग सगळ्यांकडे वळून, "हं, लिहा. काळे नको. चुकीसकट!"

कुणी लिहीना.

बावीस माना खाली आणि बावीस पेन्सिली अधांतरी. समोर ती पोरगी पाय हलवत, पहिलं कोण लिहितंय ते बघत बसलेली.

ड्रायव्हरकाकांनी पेन्सिल ठेवली. "बाई, ते मी नाही लिहिलं. पण हेही लिहवत नाही."

"का?"

"जिन्यात हे लोक दिसले की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधतो. आठ महिने बांधतोय. माझ्या बुटाला नाडीच नाही."

कुणी हसलं नाही. कवळीवाल्यानं हात वर केला. "बाई, मला जरा सांगायचंय..."

"तुम्हाला शेवटी बोलू देणार. बसा."

"मी हिचा फ्रॉक शिवायला घेतला नाही," शिंपीणकाकू एकदम म्हणाल्या. "मशीन बिघडलंय म्हटलं. मशीन धडधडत होतं आणि ही पोर ऐकत दारात उभी."

मग बांधच फुटला. कुणी यांची पत्रं मुद्दाम खालीच पडू दिली होती, तर कुणी आपल्या पोरांना यांच्या पोरीशी खेळू नका म्हणून दटावलं होतं. कवळीवाल्यानं पुन्हा हात वर केला. या वेळी बायकोनं तो हळूच धरला, खाली घेतला आणि आपल्या मांडीवर घट्ट दाबून ठेवला.

हेडबाईंनी हातातले उरलेले कागद खाली ठेवले.

"रोज सकाळी शाळेत जाताना ही मला म्हणते, बाई, येते!" त्या म्हणाल्या. "मी पेपरात डोकं खुपसते. जगाच्या चुका काढल्या, पण हिला एकदा ‘ये’ म्हणायला जीभ उचलली नाही."

अक्षर कुणाचं ते कळलंच नाही. एक गुन्हेगार शोधायला गेल्या होत्या, बावीस सापडले.

मग सगळी वरात तिसऱ्या मजल्यावर गेली. तीन माणसं मावतील अशा जागेत बावीस माणसं, चार बादल्या आणि प्रत्येकाच्या हातात फडकं. दार इतकं घासलं की खडूबरोबर रंगाचे पोपडेही निघाले. "खोकी बाहेरच राहू द्या हो!" असं कवळीवाला कळवळून सांगत होता, पण ऐकतो कोण? "आता कुठंही जायचं नाही!" म्हणत लोकांनी त्याचं सामान आत नेऊन होतं तिथं लावलं. शिंपीणकाकूंनी पायरीवरच फ्रॉकचं माप घेतलं. ड्रायव्हरकाका इतके मोठ्यानं हसले की त्यांची कवळी बादलीत पडली. कवळीवाल्यानं ती काढली, धुतली, उजेडात धरून बघितली.

"काका, ही माझ्या हातची आहे."

काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दात नसताना माणूस किती ओशाळवाणा दिसतो, ते सगळ्यांनी पाहिलं.

चहा कवळीवाल्यांकडेच झाला. कप कमी पडले, तेव्हा प्रत्येकानं आपापल्या घरून आणले.

सोमवारी सकाळी पोरगी दारातून ओरडली, "बाई, येते!"

"ये गं बाळ, नीट जा!" हेडबाई तिच्याहून मोठ्यानं ओरडल्या आणि डोळे पुसत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

पोरगी उतरली त्याच जिन्यानं एक माणूस धापा टाकत वर आला. दोन्ही हातांत डबे, खांद्यावर शिडी, काखेत ब्रश. समोरच्या दाराला नाक लावून त्यानं ते वरपासून खालपर्यंत निरखलं.

"बाई, कवळीवाल्या साहेबांचं दार हेच ना?" तो म्हणाला. "दार कुठल्याही रंगाचं कर, फक्त कसलं नको तेवढं त्यावर खडूनं लिहून ठेवतो, म्हणाले होते."