इथे वया मिळतील

चिठ्ठी हातातून सुटली ती थेट शिडीला टांगलेल्या रंगाच्या डब्यात पडली. पेंटरने कुंचल्याच्या दांड्याने ती उचलून धरली, तेव्हा तिच्यावर निळ्या रंगाशिवाय काही उरलं नव्हतं. पाटीची वरची ओळ रंगवून झाली होती. खालची बाकी होती आणि ती त्या चिठ्ठीत होती.

"अहो बाबा, त्यात काय एवढं," खाली शिडी धरून उभी असलेली सूनबाई म्हणाली. "'इथे वह्या मिळतील.' तीनच तर शब्द. टाका उरकून, लोक यायला लागतील." आणि ती आत सासूबरोबर खोकी उघडायला गेली. दुकान तिचं होतं, आज संध्याकाळी उघडायचं होतं, आणि पाटी सासऱ्यांच्याच हातची हवी हा हट्टही तिचाच.

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि त्याच्या बायकोला. समोर चिठ्ठी असली की तो ती अशी हुबेहूब उतरवायचा की सगळ्या शहरात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दवाखाना, शाळा, अगदी वाचनालयसुद्धा, जिथे तिथे त्याच्याच पाट्या. सूनबाई तर त्याला पंडितच समजायची. रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र त्याच्या हातात ठेवायची. तो ते तोंडासमोर धरायचा, पान उलटायचा, मध्येच 'हं' म्हणायचा. एकदा तिने एक बातमी मोठ्याने वाचा म्हटलं, तर बायको घाईघाईने म्हणाली, "त्यांचा चष्मा सापडत नाहीये." चष्मा त्याच्या नाकावर होता.

हे ढोंग त्याला अलीकडे सोसवेनासं झालं होतं. फिरायला जातो असं सांगून तो प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागला. शिकवणारी बाई सुनेहून लहान. "शब्द हळू म्हणा, काका. कानावर विश्वास ठेवा," हे तिचं पालुपद. पण तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. आयुष्यभर मुकाट लटकलेल्या पाट्या आता रस्त्याने जाता-येता बोलायला लागल्या होत्या. परवा आपणच रंगवलेल्या एका पाटीखाली तो थांबला, अक्षराला अक्षर जुळवलं, तर 'येथे थांबू नये' असं निघालं. चोरासारखा तिथून सटकला.

आताही शिडीवर उभ्या उभ्या त्याने दुकानाच्या दाराकडे पाहिलं. जुनी युक्ती जिभेवर तयार होती. चष्मा घरी राहिला, जरा मोठ्या अक्षरांत दे बाई लिहून, म्हणजे मला अंतर बसवता येईल. त्याने हाक मारायला तोंड उघडलं. पण तोंडात शब्दच घोळत राहिला. इथे. इ, थे.

त्याने कुंचला बुडवला. 'इथे' झालं. पुढचा शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटला, कान देऊन ऐकला आणि रंगवला. 'मिळतील' तर धावतच आलं. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायचं सुचलं नाही. तो खाली आला, मागे सरला, पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला. बोट हवेत फिरवत वाचून पाहिलं. जे ऐकलं होतं तेच पाटीवर होतं. त्याला इतका आनंद झाला की रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून दाखवावं असं वाटलं.

थांबवायची गरज पडली नाही. एक टेम्पोवाला आपणहून थांबला.

"काय काका, वय मिळतं होय इथे? मग मला विशीतलं द्या. हे जुनं परत घ्या."

शेजारचा न्हावी खो खो हसला. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं, वर बघून तेही हसलं. हसणं ऐकून सूनबाई आली, तिच्यामागे बायको.

पेंटरला चूक काही सापडेना. जोडाक्षरांचा धडा वर्गात अजून यायचा होता. पण चूक आहे एवढं लोकांच्या तोंडांवरून कळत होतं. ज्या सुनेपुढे इतकी वर्षं मान टिकवला, तिच्यादेखतच ही शोभा. त्याने टर्पेंटाईनचं फडकं उचललं.

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाली, "शहरभर पाट्या आहेत तुमच्या. कुठे काना-मात्रा इकडचा तिकडे नाही. मग आजच काय झालं?"

"अगं, त्यांचा चष्मा..." बायकोने नेहमीची सारवासारव सुरू केली.

चष्म्यावर ढकललं की सगळं निभावून जाणार होतं. ओळ पुसायची, सुनेकडून नवी चिठ्ठी घ्यायची, की झालं. पेंटर पाटीकडे बघत राहिला. मग त्याने फडकं शिडीच्या पायरीवर ठेवून दिलं आणि बायकोला हातानेच थांबवलं.

"आजपर्यंत मी नुसती अक्षरं काढत होतो, पोरी," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा लिहिलं."