तीन काड्या

गोऱ्या सैनिकांशी तहाची बोलणी करायला नवरा पांढरं निशाण घेऊन दलदलीबाहेर निघाला, तेव्हा त्यानं आम्हा सेमिनोल जमातीच्या लोकांच्या रीतीप्रमाणे माझ्या हातात काड्यांची जुडी दिली. “रोज एक मोड. शेवटची मोडशील त्या दिवशी मी येतो.” मी उठल्याबरोबर काडी मोडायची. आई चिडवायची, “अगं, दोन मोडल्यास तरी तो त्याच्याच चालीनं येईल!” तीन काड्या उरल्या त्या दिवशी मामा आला, आईशी हळू आवाजात बोलला आणि न जेवताच गेला. त्यानंतर मी रोज मोडत राहिले, तरी जुडीत तीनच. आज काडी मोडेना, नुसती वाकली. आई चुलीपाशी कंद कुटत होती. “आई, निशाणासकटच धरलं ना त्याला?” मुसळ थांबलं. “जहाजात घालून नेलं गं.” मी वाकलेली काडी तिच्यापुढे ठेवली. “ओली मोडत नाही. उद्यापासून वाळलेली ठेवत जा.”