गॅलरीतील टाळी

अणुसंलयन ऊर्जा विधेयकावर मंत्रिमहोदय बोलत होते आणि प्रेक्षक गॅलरीतील वृद्ध उपासे सर तेच शब्द ओठांतल्या ओठांत उच्चारत होते. कारण ते भाषण त्यांनीच लिहिले होते. या कायद्यासाठी त्यांनी अकरा वर्षे मंत्रालयाचे उंबरठे झिजवले होते.

“आपल्या राज्यात दुसरा सूर्य उगवेल!” हे वाक्य येताच सरांच्या हातून टाळी वाजली.

“गॅलरीत टाळ्यांना मनाई आहे!” अध्यक्ष कडाडले. “कोण हे गृहस्थ?”

मंत्र्यांनी वर पाहिले. “मी ओळखत नाही, अध्यक्ष महाराज.”

मार्शलने सरांना दंडाला धरून बाहेर काढले. बंद दाराआड विधेयक मंजूर झाले आणि बाके दणाणली.

गळ्यात हार घातलेले मंत्री बाहेर आले. भाषणाचा कागद सरांच्या हाती देत हळूच म्हणाले, “सर, पुढच्या वेळी अक्षर मोठे काढा. वाचताना अडखळलो.”