पोनीची दोरी

"इथे सही. मुलीच्या पालकाची," म्हणत नोरीनने फॉर्म पुढे केला.

उल्काबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी पेन पूर्णिमाकडे सरकवलं. पूर्णिमाने सही ठोकली आणि नोरीनने ती न बघताच फॉर्म गठ्ठ्यात खुपसला. मागे अजून चार कुटुंबं खोळंबली होती ना!

आयर्लंडमधल्या गॉलवेपासून तासाभरावरचं हे नोरीनचं शेत. दर रविवारी घोड्यावर बसायचं आणि अठ्ठावीस गाई खालच्या कुरणातून वर डोंगरावरच्या कुरणात हाकत न्यायच्या. पोराबाळांसकट या, असं जाहिरातीत लिहिलेलं. २०२१चा ऑगस्ट होता. दीड वर्ष कोविड वॉर्डात काढलेल्या डॉक्टर पूर्णिमाला चार माणसं एकत्र हसताना बघायचंही अप्रूप वाटत होतं.

"लहानांच्या पोनीची दोरी आईने धरायची आणि पायी चालायचं. आमचा नियमच आहे," नोरीन म्हणाली, आणि दोरी सरळ उल्काबाईंच्या हातात दिली. हेल्मेट आणि मास्क यांच्यामधून उल्काबाईंचे नुसते डोळे दिसत होते. "आणि तू हा म्हातारा घोडा घे. अगदी गरीब आहे."

"थँक्यू," पूर्णिमा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? साडेचार वर्षांची शर्वाणी पोनीवरून वाकून उल्काबाईंचं जॅकेट घट्ट धरून बसली होती. "आई, सोडू नकोस हं," हेच तिचं चाललं होतं.

उल्काबाई आणि शर्वाणीला नाशिकहून येऊन तीन आठवडे झाले होते. त्यातले दोन क्वारंटीनने खाल्ले. ते दिवस पूर्णिमा मैत्रिणीकडे झोपायची आणि स्वतःच्याच दाराशी डबे ठेवून जायची. उद्या दुपारी डब्लिनहून विमान होतं. उल्काबाईंची बॅग भरून तयार होती, शर्वाणीचे फ्रॉक तेवढे अजून कपाटातच होते. पूर्णिमाला एकच हवं होतं. आज एकदा, फक्त एकदा, ही पोर आपणहून माझ्याकडे यावी. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर हीच पोर तिच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती, आणि आता साधं बघतही नव्हती.

गाई निघाल्या. मागून घोडे, पोनी, पोराटोरांचा आरडाओरडा.

पूर्णिमाने घोडा पोनीशेजारी आणला. "शरू, त्या पांढऱ्या गाईचं नाव काय ठेवूया गं?"

शर्वाणीने तोंड फिरवलं. "आई, हिला सांग ना, मला नाही बोलायचं."

"असं बोलतात का?" उल्काबाई दटावून म्हणाल्या.

पूर्णिमाने खिशातून डबी काढली. पहाटे उठून बेसनाचे लाडू वळले होते. शर्वाणीने एक घेतला आणि पूर्णिमाच्या डोळ्यांदेखत मान वळवलेल्या पोनीला भरवला. पोनीने मिटक्या मारल्या. पूर्णिमा हसली.

"तू खाल्लंस का काही सकाळपासून?" उल्काबाई खालून म्हणाल्या. "काय वाळलीयेस बघ. नुसती काठी झालीयेस."

पूर्णिमाला असं विचारणारं कोणी नव्हतंच इथे. वॉर्डातून आल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या ब्रेड आणि लोणचं, की झालं जेवण. उद्यापासून पुन्हा विचारणारं कोणी नसणार. तिने लाडू तोंडात कोंबला.

दुसऱ्या फाटकाशी उल्काबाई थांबल्या.

"माझा गुडघा बोलायला लागला. मी गाडीत जाऊन बसते. उतर तू, दोरी धर."

"ती नाही राहायची माझ्याजवळ," लगाम धरून खाली उतरत पूर्णिमा म्हणाली.

"नाही राहिली तर रडेल. रडू दे." त्यांनी दोरी पूर्णिमाच्या हातात कोंबली आणि ताडताड निघून गेल्या. गुडघा दुखणारं माणूस इतकं भराभर चालत नाही. एकदाही त्यांनी वळून पाहिलं नाही.

शर्वाणीने जे भोकाड पसरलं, ते ऐकून दोन गाई मागे वळल्या. "आई! आई कुठे चालली? मला आईकडे जायचंय!"

"मी आहे ना, राजा."

"तू नको!"

बाकीची कुटुंबं वळून बघू लागली. पूर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोरीनने घोडा वळवून जवळ आणला.

"अगं, दे ती दोरी इकडे. आईला बोलावते मी परत. इट्स ग्रँड, काही बिघडत नाही. एवढंसं मूल आईशिवाय कसं राहील?" तिने हात पुढे केला.

दोरी देऊन टाकणं सोपं होतं. तीन आठवडे पूर्णिमा तेच करत आली होती. पोर रडली की हात मागे घ्यायचा. तिने उल्काबाईंच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं. ती आता पार वळणापाशी पोचली होती. मग तिने दोरीचा एक वेढा स्वतःच्या मनगटाला घेतला.

"नका बोलावू," ती म्हणाली. "ती माझी आई आहे. उद्या एकटीच परत जातेय. हिची आई मी आहे."